खळ लावलेल्या नोटा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नोटांना खळ लावली.

खळ म्हणजे सुताला लावायची पेज. मैदा पाण्यात कालवून शिजवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, वरून थेंबभर खोबरेल टाकायचं. तेल नसलं तर सूत वाळल्यावर तडकतं. वडगावात माग असलेल्या घराघरातून ती शिजायची. माझ्या बायकोनं लग्न झाल्यापासून शिजवली. त्या दिवशी दुपारी तिनं ती चहाच्या पातेल्यात केली, परसात पाट टाकून बसली, पदर खोचला आणि एकेक नोट डाव्या तळहातावर पसरून उजव्या हाताच्या बोटांनी खळ फिरवायला लागली. अळूच्या पानाला पीठ लावतात तसं. मी त्या नोटा दोरीवर अडकवत होतो. कपड्यांचे चिमटे संपले तेव्हा तिनं केसातल्या पिना काढून दिल्या.

नोटा आपल्या नव्हत्या. आखाताकडच्या एका देशाच्या होत्या. देशाचं नाव लिहीत नाही, त्या देशानं माझं काही वाकडं केलेलं नाही. मळक्या, घड्या पडलेल्या, कोपरे झिजलेल्या, कुणाकुणाच्या घामानं काळ्या झालेल्या वापरलेल्या नोटा. तिच्या आईची बोरमाळ मोडून आम्ही त्या घेतल्या होत्या. पुढं भाव येणार म्हणून.

त्यांना भाव येणार नाही, हे मला त्याच दिवशी सकाळी कळलं होतं. तिला मी सांगितलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ तिच्या हातातल्या पाटल्या न्यायला येणार होता, आणखी नोटा आणायला. तो यायच्या आत मला तिला सांगायचं होतं.

मी चौथी शिकलोय. गोड लिहायला मला येत नाही. माणसं म्हणतात, आता झालं ते झालं, राग सोडा. कुठं सोडू? परसात सोडू? तिथंच तर ती दोरी आहे.

तिला एकच भाऊ. बोरगावला असतो, निपाणीच्या पलीकडं. तिच्याहून पुष्कळ लहान. आई लवकर गेली म्हणून हिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्यामुळं तिची माया काय असेल ती सगळी त्या एका माणसावर. दिवाळीला तो ओवाळून घ्यायला यायचा, तर ही सकाळपासून दारात. बस चुकली असेल, असं मी म्हटलं तरी तिला राग यायचा. जणू बस मीच चुकवली.

माणूस वाईट नव्हता. पण कुठल्याही धंद्यात टिकला नाही. विमा विकला, अंगदुखीचं तेल विकलं, पाणी गाळायची मशीन विकली, प्लॉट दाखवत फिरला. दर खेपेला पहिलं गिऱ्हाईक त्याची आक्का. ती मशीन आमच्या घरात अजून आहे. तिच्यावर मी चष्मा ठेवतो.

नोटा घेऊन आला तेव्हा शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाला, “आक्का, आधी हात धुऊन ये. मग बघ.”

तिनं खरंच हात धुतले. पाकिटातून नोट निघाली. वर घोड्यावर बसलेला कुणी तरी, खाली मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं.

“दाजी, बघा,” तो मला म्हणाला. “तिकडं लढाई झाली, त्यांचा पैसा पडला. आता परत तेल निघायला लागलंय. देश उभा ऱ्हायला की ह्याच नोटंला हजारपट भाव. निपाणीत एक जण हाय, धा वरसं तिकडं ड्रायव्हर हुता. त्यो आणतोय.”

“कोण म्हणतं भाव येणार म्हणून?”

“सगळी म्हणत्यात. मोबाईलवर हाय की.”

“मग तिकडली माणसं का ठिवंनात सोताजवळ? तुझ्याकडं कशाला धाडत्यात?”

“त्यास्नी खायाला न्हाय, दाजी. म्हणून तर स्वस्त मिळत्यात.”

हे त्यानं हसत सांगितलं. मीही ऐकून घेतलं. त्या वेळी मला काही वाटलं नाही, हे मी लपवणार नाही. कुठं तरी लांब एक माणूस उपाशी आहे म्हणून त्याच्या हातातली नोट आम्हाला स्वस्तात मिळते, आणि तो पोटाला खायला लागला की आमची चैन. असला हिशेब घरात बसून ऐकला आणि वर त्याला चहा पाजला.

पण आम्ही फसलो ते त्याच्या बोलण्याला नाही. फसलो ते आमच्याच बोटांना. बायकोनं ती नोट घेतली, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळली, उजेडाकडं धरली, कानाजवळ नेऊन हलवली. सूत घेताना बघायची तसं. मग माझ्याकडं वळली.

“अवं, ह्यो कागद न्हवं. ह्यात कापूस हाय.”

मी चोळून बघितली. बरोबर होतं. कापूस होता, आणि चांगला होता. सगळा जन्म सुतात गेल्यावर एवढं बोटांना कळतं.

“खोटी नोट कापसाची कोण करंल?” ती म्हणाली.

मला पटलं. शिकलेला माणूस नोटेवरचं वाचतो, कुणाला तरी विचारतो. आम्हाला ती अक्षरं वाचता येईनात, म्हणून आम्ही तिचं सूत बघितलं. आणि नोट खोटी नव्हतीच. खरी होती. मेलेली होती, पण खरी होती. मेलेल्याचं सूत बोटाला तसंच लागतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात बोरमाळ गेली. तिच्या आईची, मण्यांना आतून लाख भरलेली. भावानंच खासबागेत सराफाकडं नेली आणि आठ दिवसांत पिवळ्या पिशवीतून नोटांचा गठ्ठा आणून दिला. त्यातलं त्यालाही काही सुटलं असणार. मी विचारलं नाही. ती गठ्ठ्याकडं बघून म्हणाली, “लई मळक्या हायत रं.”

“मळक्या म्हणून तर परवडल्या, आक्का. भाव आला की कडक नोटंला जरा जास्त मिळतंय, मळकीला कमी. तेवढंच.”

हे ‘तेवढंच’ तिनं मनात ठेवलं. माणूस बोलून जातो.

ती पिशवी धान्याच्या डब्यात राहिली. बायको मधूनमधून काढून बघायची. भाव आला की आधी आईची बोरमाळ होती तशी करून घ्यायची, भाचीच्या लग्नात घालून बोरगावात मिरवायचं, उरलं त्यात भाचीला पुतळ्यांची माळ. मला काय, असं मी विचारलं तर म्हणायची, “तुमास्नी नवी धोतरं. न्हाईतर कशाला लागतंय तुमास्नी काय?”

मग भावाचा फोन आला. भाव ह्याच महिन्यात फुटणार, आता घेतलं तर घेतलं. आक्का, तुझ्या पाटल्या हायत न्हवं? गुरुवारी सकाळी येतो.

ती व्हय म्हणाली. मी न्हाय म्हणालो. त्यावरून आमचं चांगलं वाजलं.

“माझ्या भावावर तुमचा कायम सौंशय,” ती म्हणाली. “लगीन झाल्यापासनं.”

“मशीनीचं पाणी पितीस का तू?”

“मशीनीचं काढू नका.”

“मग कशाचं काढू? तेलाचं काढू?”

ती दुसऱ्या खोलीत जाऊन चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली. माग आम्ही कधीच विकला होता. आता ती दुसऱ्याच्या पॉवरलूमसाठी कांड्या भरून द्यायची. चरख्याचा आवाज असा मोठा काढला, की मला आणखी बोलता येऊ नये.

म्हणून बुधवारी सकाळी मी खोटं बोलून बाहेर पडलो. चष्म्याची काडी मोडलीय, कॅम्पात जाऊन येतो, म्हणालो. काडी खरंच मोडली होती, मीच मोडली होती. खिशात एक नोट घातली आणि कॅम्पातल्या एका बँकेत गेलो, जिथं परदेशी पैसा बदलून देतात असं ऐकलं होतं.

काचेच्या आत एक पोरगी बसली होती. कन्नड बोलणारी. नोट घेतली, उलटसुलट बघितली, कॉम्प्युटरवर काही शोधलं, मागं बसलेल्या साहेबाला दाखवून आली. चांगली वागली, उगीच कशाला वाईट सांगू? म्हणाली, “अज्जा, इदु नडेंगिल्ल.”

हे चालत नाही. कन्नड मला समजतं. मी विचारलं, का चालत नाही? खोटी हाय?

खोटी नाही, ती म्हणाली. पण त्या सरकारनं ही नोट बंद करून दुसरी काढली. तिथल्या दुकानातसुद्धा ही कुणी घेत नाही.

नोटबंदी मला कळते. आपल्याकडं झाली तेव्हा आम्ही दोघंही रांगेत उभे होतो, बायको पाण्याची बाटली घेऊन. म्हणून विचारलं, बदलून घ्यायला मुदत असंल की?

“मुदत संपली, अज्जा. कवाच संपली.”

“म्हणजे कवा?”

तिनं सांगितलं. आम्ही बोरमाळ मोडली त्याच्या कितीतरी वर्षं आधी. म्हणजे विकत घेतली त्या दिवशीच तो कागद होता. कापसाचा कागद.

“किती आहेत तुमच्याकडं?” तिनं विचारलं.

“एकच हाय,” मी म्हणालो. लाज वाटली.

नोट परत देताना ती पोरगी हसून म्हणाली, “राहू दे. नातवंडांना खेळायला होईल.”

तिचा काय दोष? पण बसमध्ये मी सगळ्या वाटेला शिव्या देत आलो. त्या ड्रायव्हरला, जो निपाणीत बसून मेलेल्या नोटा विकत होता. बोरगावच्या पावण्याला, म्हणजे तिच्या भावाला. मोबाईलला. स्वतःला जास्त. माझ्या शेजारी बसलेला माणूस उठून दुसरीकडं गेला. घरी गेल्यागेल्या सांगायचं, असं मी ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते. तुझ्या भावानं तुला बुडवली, हा पहिला.

घरात पाय ठेवला तर मैद्याचा वास. ती परसात. पाट मांडलेला, पातेलं निवत ठेवलेलं, नोटांचा गठ्ठा सोडलेला.

“काडी बसली का?” तिनं वर न बघता विचारलं.

“न्हाय मिळाली.”

“एवढा वेळ लावलासा आन् काडी न्हाय. हात धुवा आन् बसा इथं. उद्या त्यो यायच्या आधी ह्या कडक करून ठिवू. कापूसच हाय न्हवं? मग खळ धरंल की. त्यो बघू दे, आक्कानं मळक्याच्या कडक केल्या.”

आदल्या दिवशीचं भांडण तिच्या बाजूनं मिटलं होतं. तिची रीतच ती. काम काढायची आणि मला हाताशी घ्यायची, त्यात सगळं आलं. मी तिच्याकडं बघितलं. साठी कधीच उलटलेली बाई, पोरीसारखी खूश होऊन बसली होती. पहिला शब्द माझ्या तोंडात होता. तो मी गिळला, हात धुतले आणि चिमटे घेऊन उभा राहिलो.

भित्रेपणा म्हणा. मी तसंच म्हणतो.

नोट पुढं करताना ती म्हणाली, “ह्यो घोडा बघा. तुमी जल्मभर मागावर बसलासा, कुठं पोचलासा? ह्यो पोचतोय का न्हाय बघा.”

“पोचंल,” मी म्हणालो.

“तोंड का असं केलंयसा?”

“ऊन लागतंय.”

अर्ध्या नोटा झाल्यावर मी एकदा बोललो, “अगं, एक सांगायचं हुतं.”

“आधी चिमटा लावा, गळतीया ती. हां, सांगा.”

ती माझ्याकडं बघत होती. कपाळाला खळीचा एक ठिपका लागला होता. मागं घराचं दार, दारात तिच्या भावानं विकलेली मशीन. मी म्हणालो, “खळ पातळ झालीया.”

“एवढा जल्म गेला, अजून माझ्या खळीला नावं ठिवताय? उद्या वाळल्यावर बघा. पापडागत न्हाय वाजल्या तर सांगा.”

तेच आमचं शेवटचं बोलणं म्हणायचं. पुढं सगळ्या नोटा दोरीवर गेल्यावर ती फक्त, चहा टाकते, असं म्हणून उठली. आत गेली आणि चरख्याजवळ भिंतीला टेकून बसली. छाती भरून आल्यागत होतंय, असं म्हणाली. मी रिक्षा आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा हात माझ्या हातात गार झाला होता. दिवे लागायच्या आत आम्ही परत घरी. मी बसून, ती आडवी.

घर माणसांनी भरलं. आणि मग सुरू झालं ते मला आयुष्यभर पुरेल. सवाष्ण गेली. कपाळाचं कुंकू घेऊन गेली. लई भाग्याची बाई, सोन्यासारखं मरण. एक म्हणाली की दुसरी म्हणायची. कसलं सोनं? सोनं मोडून कागद घेतले होते आम्ही! हे मी मोठ्यानं म्हणालो नाही. पण ज्या बाया असं बोलल्या त्यांना मी एकेक ओळखतो, आणि मला त्यांचं तोंड बघायचं नाही. तिचा नवरा जिवंत राहिला म्हणून ती भाग्याची? आणि मी? मला कोण भाग्याचा म्हणतो?

कुणी तरी परसात जाऊन आला आणि विचारलं, दोरीवर ह्या कसल्या चिठ्ठ्या? मी म्हटलं, असू द्या, वाळत घातल्यात.

शेजारची म्हातारी सगळं बघत होती. माझ्या आईच्या वयाची, मला अरेतुरे करते. तिनं हिच्या हातातल्या पाटल्या उतरवून माझ्या मुठीत दिल्या आणि म्हणाली, “भावाला फोन लागला. पयल्या बसनं येतोय. लुगडं घिऊन ये म्हणून सांगितलंय.”

आमच्यात सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भावाच्या हातचं. ते आल्याशिवाय उचलत नाहीत.

“त्याचं लुगडं नगं,” मी म्हणालो. “घरात काय कमी हायत? मी सोता इणलेली पेटीत हायत.”

“तू इणलेलं तिनं जल्मभर नेसलं, बाबा. आज माहेरचं लागतंय.”

“नगं म्हणतो न्हवं.”

“का?”

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. तिच्या भावानं तिला बुडवली, हे वाक्य सकाळपासून तयार होतं. पण सांगितलं असतं तर सकाळपर्यंत शहापूर, वडगाव सगळीकडं झालं असतं. सगळा जन्म ती ज्या माणसाची वाट बघत दारात उभी राहिली, तो लुबाडणारा निघाला, असं तिला उचलायच्या आधी लोक बोलले असते. तिचं माहेर तिच्याआधी जळालं असतं.

मी पाटल्या खिशात घातल्या. पण मनात ठरवलं, येऊ दे त्याला. दारातच धरायचा आणि लुगड्यासकट माघारी लावायचा. जळू दे जळायचं ते.

सकाळी तो आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी. मी उंबऱ्यावर उभा होतो. तो मला ओलांडूनच गेला. त्यानं मला बघितलंच नाही. आत जाऊन तिच्या पायांवर पडला, आणि ‘आक्का गं’ म्हणून असा ओरडला, की बाया होत्या त्याही रडायच्या थांबल्या. माझं तयार केलेलं सगळं उंबऱ्यावर तसंच राहिलं.

थोड्या वेळानं तो तोंड धुवायला परसात गेला. मी मागून गेलो. तिथं दोरीवर त्या नोटा. तो थांबला. एक नोट दोन बोटांनी हलवून बघितली आणि हळू आवाजात म्हणाला, “दाजी, ह्यास्नी खळ कुणी लावली?”

“तिनं.”

“लावायची न्हवती. खळीच्या घेत न्हाईत. औषध मारल्यागत दिसतंय. मळक्या चालल्या असत्या, दाजी.”

माझ्या हातात भरलेला तांब्या होता. तो मी त्याच्या टाळक्यात घातला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आत बहीण पडलीय आणि हा नोटांच्या भावाचं बोलतोय! पण तेवढ्यात मला दुसरंही कळलं. ह्याला माहीतच नव्हतं. हा अजून भाव यायची वाट बघत होता. चोर असता तर मला सोपं गेलं असतं.

“कॅम्पात बँकेत गेलतो,” मी म्हणालो. “त्या सरकारनंच ह्या बंद केल्यात. तू आणायच्या आधी. लई आधी.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मग धुण्याच्या दगडावर खाली बसला.

“माझ्या बी हायत,” म्हणाला. “पेटी भरून. बायकूच्या दागिन्याच्या.”

मी तांब्या खाली ठेवला.

“आक्काला सांगितलासा?”

“न्हाय.”

मग तो दोन्ही हात तोंडावर घेऊन रडला. आत रडला होता त्याहून वेगळं, आवाज न करता. लोकांना वाटेल, मला दया आली असेल. आली नाही. आजही आली नाही. तो दिवाळीला येतो, ओवाळायला कुणी नसतं, तरी येतो. मी त्याला चहा देतो. माफ केलेलं नाही. त्याला नाही, मला नाही.

आतून म्हातारीची हाक आली, “लुगडं आणा रं, हिला आंघोळ घातली.”

मी घरात जाऊन ती पिशवी उचलली. लुगडं बाहेर काढलं आणि काठ चिमटीत धरला. हिरवं, मशीनवरचं, विरळ. विणीत दम नव्हता, म्हणून खळ भरून ताठ केलेलं. असला माल दुकानात भारी दिसतो आणि एका धुण्यात पोतेरं होतो. ती असती तर तिनं नेसलं असतं, भावाचं म्हणून नावं ठेवली नसती. पण धुतल्याशिवाय नसतं नेसलं. कोरं लुगडं तिनं कधी अंगाला लावलं नाही, मी विणलेलंसुद्धा नाही. कमरेला खळ टोचायची, पुरळ उठायचं. आधी खळ काढायची, मग नेसायची.

“ह्ये धुवायला पायजे,” मी म्हणालो.

“खुळा झालास का?” म्हातारी म्हणाली. “कोरंच घालायचं असतंय. आसं धुऊन कोण घालतं?”

“तिला टोचतंय.”

“आता काय टोचायचं, बाबा?”

“टोचतंय म्हणतो न्हवं!”

एवढ्या मोठ्यानं मी त्या घरात कधी ओरडलो नव्हतो. बायांनी मला वाट दिली. हिच्या पांघरुणाबाहेर राहिलेल्या हाताकडं माझं लक्ष गेलं. आंघोळ घातली होती तरी बोटांच्या पेरात खळ तशीच होती, पांढरी, वाळलेली.

मी परसात गेलो. पावण्याला दगडावरून उठवलं आणि लुगडं बादलीत बुडवलं. पहिल्या पाण्याला दुधासारखी खळ सुटली. ते ओतलं. दुसऱ्यालाही सुटली. तिसरं पाणी नितळ आलं. मग लुगडं हातात घेऊन उभा राहिलो, कारण नऊवारी एकट्याला पिळता येत नाही. दोघं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि उलटीकडं पीळ द्यायचा. जन्मभर दुसरं टोक तिनं धरलं.

“पावणं,” मी म्हणालो, “धरा.”

त्यानं धरलं. दोघांनी पिळलं. तो उलट्या बाजूला फिरवायला लागला, त्याला मी दोनदा शिवी दिली, मग जमलं. पाणी निघालं.

दोरीवर जागा नव्हती. मी एकेक नोट काढली. कडक झाल्या होत्या. पापडासारख्या वाजत होत्या. खळ पातळ नव्हती झाली.

नोटा खळीच्या पातेल्यात टाकल्या, तिच्या पिना वेचून शर्टाच्या खिशात घातल्या, आणि मोकळ्या दोरीवर तिचं लुगडं वाळत घातलं.